५३-एन क्रमांकाची बाटली

परळच्या हाफकिन संस्थेचे नाव पालघर जिल्ह्यात नव्याने सांगावे लागत नाही. भातकापणीच्या दिवसांत साप चावलेला मजूर ग्रामीण रुग्णालयात आला की त्याला दिल्या जाणाऱ्या प्रतिविषाशी हे नाव वर्षानुवर्षे जोडले गेले आहे, पोलिओच्या थेंबांशीही. पण हाफकिन हे एका माणसाचे आडनाव होते, तो माणूस वैद्यकीय पदवीधर नव्हता, आणि आज ज्या संस्थेला त्याचे नाव आहे तिच्या प्रमुखपदावरून त्याला एका बाटलीपायी दूर व्हावे लागले, हे फार थोड्यांना ठाऊक असते. बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत आणि आसपासच्या पट्ट्यात औषधे किंवा रुग्णांसाठी लागणारे साहित्य बनवणाऱ्यांनी ही बाटलीची हकिकत एकदा तरी वाचायला हवी. माल खराब निघाला तर दोष शोधायचा कसा, याचा इतका महागात पडलेला धडा आपल्याकडे दुसरा सापडणे कठीण.

वाल्देमार हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा शहरात एका ज्यू कुटुंबात झाला. तिथल्याच विद्यापीठात ते प्राणिशास्त्र शिकले. शरीरातल्या पांढऱ्या पेशी जंतूंना गिळतात हा शोध लावणारे इल्या मेचनिकोव्ह हे त्यांचे गुरू. झारच्या रशियात ज्यू माणसाला विद्यापीठात पक्की जागा मिळवायची तर धर्म बदलावा लागे. हाफकिन यांनी ते नाकारले आणि काही वर्षे ओडेसाच्या प्राणिसंग्रहालयात, म्हणजे नमुन्यांच्या म्युझियममध्ये, काम केले. पुढे ते स्वित्झर्लंडला आणि १८८९ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत गेले. तिथे रिकामी होती ती ग्रंथपालाची जागा. ती त्यांनी घेतली आणि उरलेला वेळ प्रयोगशाळेत घातला.

त्यांनी विषय निवडला पटकीचा, म्हणजे कॉलऱ्याचा. लस तयार झाल्यावर १८ जुलै १८९२ रोजी त्यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली. युरोपातील शास्त्रज्ञांचा तरीही विश्वास बसेना. कॉलरा जिथे दरवर्षी ठाण मांडून असे त्या देशात जाऊन लस पडताळायची, असे ठरवून ते १८९३ मध्ये कलकत्त्याला आले. तिथल्या वस्त्यांत त्यांनी एक शिस्त पाळली. लस घेतलेले आणि न घेतलेले लोक एकाच घरात, एकाच तळ्याचे पाणी पिणारे असावेत, म्हणजे फरक पडला तर तो लसीचाच म्हणता येईल. आज कोणत्याही वैद्यकीय चाचणीत तुलनेचा गट असतो. त्या काळी गल्लीबोळांत हिंडून अशी तुलना करणारे फार कमी होते.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. पाहता पाहता साथ शहरभर पसरली. काही महिन्यांत लाखो लोकांनी मुंबई सोडली. कोणी बोटीने कोकणात गेले, कोणी घाट चढले, तर कोणी आजच्या पालघर, बोईसर, डहाणूवरून जाणाऱ्या रेल्वेने गुजरातकडे गेले. सरकारच्या सांगण्यावरून हाफकिन ऑक्टोबरमध्ये मुंबईत पोहोचले. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना काम करायला अपुरी जागा, एक कारकून आणि तीन शिपाई मिळाले. तेवढ्या बळावर तीन महिन्यांत त्यांनी प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी पुन्हा पहिली सुई स्वतःच्याच अंगात घेतली.

ही लस बनवण्याची रीत कारखान्यात काम करणाऱ्याला सहज कळेल अशी आहे. मांसाच्या रश्शात प्लेगचे जंतू वाढवायचे. मांस बकऱ्याचे घेतले जाई, म्हणजे हिंदू आणि मुसलमान दोघांचीही हरकत येऊ नये. रश्शावर तुपाचे थेंब तरंगत ठेवायचे. त्या थेंबांना धरून जंतूंची वाढ झुंबरासारखी खाली लोंबते, आणि हीच प्लेगच्या जंतूंची खूण. ठरावीक दिवसांनी भांडे हलवले की ती झुंबरे तळाशी पडतात आणि वर नवी वाढ सुरू होते. असे सुमारे सहा आठवडे चालायचे. मग तासभर ६५ ते ७० अंश सेल्सिअसला तापवून जंतू मारायचे, वर अर्धा टक्का कार्बोलिक ॲसिड घालायचे आणि बाटल्या भरून बूच लावायचे. प्रत्येक बाटलीवर क्रमांक असे. कोणती बाटली कधी भरली आणि कुठे पाठवली याची नोंद ठेवली जाई. पुढे याच क्रमांकाने मोठे काम केले.

लसीचा गुण दिसायला वेळ लागला नाही. जानेवारी १८९७ च्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा दीडशेहून अधिक कैद्यांनी स्वखुशीने लस घेतली आणि न घेतलेल्यांच्या मानाने ते बरेच सुरक्षित राहिले. त्याहून लख्ख पुरावा मिळाला बडोद्याजवळच्या उंढेरा गावात, १८९८ मध्ये. तिथे प्रत्येक घरातल्या साधारण निम्म्या माणसांना लस दिली. पुढे ज्या घरांत प्लेग आला, त्यांतील लस न घेतलेल्या ६४ जणांपैकी २७ आजारी पडले आणि २६ दगावले. लस घेतलेल्या ७१ पैकी ८ आजारी पडले आणि ३ दगावले. घर तेच, उंदीर तेच, फरक फक्त सुईचा. आगाखानांनी लोकांसमोर लस टोचून घेतली, आपली जागाही प्रयोगशाळेसाठी दिली. १० ऑगस्ट १८९९ रोजी परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये प्लेग संशोधन प्रयोगशाळेचे उद्घाटन झाले. ज्या दालनांत गव्हर्नरांच्या मेजवान्या होत, तिथे आता लसीच्या बाटल्या भरल्या जाऊ लागल्या.

सन १९०२ मध्ये पंजाब सरकारने मोठ्या प्रमाणावर लसीकरण करायचे ठरवले आणि परळकडे लाखोंच्या संख्येने डोसांची मागणी आली. सहा आठवडे रस्सा वाढवत बसून ती पुरी होणे शक्य नव्हते. म्हणून हाफकिन यांनी पद्धत बदलली. जंतू रश्शाऐवजी आगरच्या थरावर वाढवायचे, ही वाढ भराभर होते. आणि कार्बोलिक ॲसिड न घालता केवळ उष्णतेने जंतू मारायचे. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत ही उष्णतेची रीत दोन वर्षे सुखरूप वापरात होती. बदलाला शास्त्राचा आधार होता. पण त्याच सुमारास आणखी एक बदल झाला होता, आणि तो परळमध्ये झालेला नव्हता. बाटली उघडताना काय काळजी घ्यायची याची मुंबईच्या प्रयोगशाळेने घालून दिलेली रीत पंजाबातल्या प्लेग अधिकाऱ्यांनी बाजूला ठेवली होती.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील गुजरात जिल्ह्यात मलकोवाल या गावी १०७ माणसांना लस टोचली. त्यासाठी पाच बाटल्या उघडल्या. साधारण आठवड्याने काही जणांचे जबडे आवळले, मान ताठ झाली, पाठ कमानीसारखी वाकू लागली. तो धनुर्वात होता. एकूण १९ माणसे मरण पावली. नोंदी काढून पाहिल्या तर ही सगळी माणसे एकाच बाटलीतून टोचलेली निघाली. बाटलीचा क्रमांक ५३-एन. उरलेल्या चार बाटल्यांतून टोचलेल्या ८८ जणांपैकी एकालाही धनुर्वात झाला नाही.

सरकारने चौकशी आयोग नेमला. मुंबईचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स त्याचे प्रमुख होते. बाटली मलकोवालला उघडण्यापूर्वीच दूषित झाली होती, म्हणजे दोष परळचा, असा निष्कर्ष आयोगाने १९०३ मध्ये काढला. त्यामागचा विचार समजण्यासारखा आहे. काहीतरी विपरीत घडले. अलीकडे काय बदलले होते? परळची पद्धत बदलली होती, कार्बोलिक काढून टाकले होते. दोन गोष्टी जोडल्या आणि उत्तर मिळाले. हाफकिन यांना पद सोडावे लागले आणि ते इंग्लंडला गेले. आयोगाची कागदपत्रे लोकांसमोर येईपर्यंत १९०६ उजाडले. तोपर्यंत ज्याच्यावर ठपका होता त्याला आपली बाजू उघडपणे मांडायलाही वाव नव्हता.

आयोगाचा प्रश्न चुकीचा नव्हता. पहिले उत्तर मिळताच आयोग थांबला, हे चुकले. परळच्या भांड्यातून मलकोवालच्या दंडात पोहोचेपर्यंत लस कितीतरी हातांतून गेली. जंतूंची वाढ, तापवणे, बाटली भरणे, बूच लावणे, रेल्वेचा प्रवास, साठवण, बूच उघडणे, सिरिंज भरणे, टोचणे. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात, त्यांचे बीजाणू चिवट असतात, आणि यांतील बऱ्याच पायऱ्यांवर ते आत शिरू शकतात. तेव्हा प्रत्येक पायरीला एकच प्रश्न विचारायला हवा होता. दोष इथे झाला असेल तर त्याची कोणती खूण मागे राहायला हवी, आणि ती खूण सापडते का?

हा प्रश्न विचारला गेला, पण उशिरा आणि सरकारबाहेरच्या माणसांकडून. त्यांत पुढे होते रोनाल्ड रॉस. मलेरियाचा परजीवी डासाच्या पोटात वाढतो हे त्यांनी भारतातच शोधले होते आणि त्यासाठी १९०२ मध्ये त्यांना नोबेल मिळाले होते. त्यांनी आयोगापुढच्या साक्षी पुन्हा वाचल्या. बाटली ४१ दिवसांपूर्वी भरलेली होती. परळमध्येच धनुर्वाताचे जंतू आत गेले असते, तर इतक्या दिवसांत ते आत वाढले असते आणि बाटलीला दुर्गंधी आली असती. पण लस टोचणाऱ्या डॉक्टरांना उघडताना तसा वास आला नव्हता. साक्षीत आणखी एक गोष्ट होती. ५३-एन उघडताना मदतनिसाच्या हातातला चिमटा जमिनीवर पडला होता. तो ज्योतीत धरून निर्जंतुक करायला हवा होता, ते झाले नाही, आणि त्याच चिमट्याने बाटली उघडली गेली. एकच बाटली, त्याच बाटलीच्या वेळी पडलेला चिमटा, आणि चिमट्याला लागलेली गावातली माती. बाकी चार बाटल्या का निर्दोष राहिल्या याचे उत्तर या एका घटनेत मिळत होते. कार्बोलिकच्या अभावात ते मिळत नव्हते, कारण तो दोष असता तर तो एका बाटलीपुरता का राहावा, हा प्रश्न उरलाच असता.

जुलै १९०७ मध्ये लंडनच्या टाइम्समध्ये रॉस आणि इतर नामवंत जंतुशास्त्रज्ञांच्या सह्यांचे पत्र आले. हाफकिन यांच्यावरचा ठपका पुराव्याला धरून नाही, असे त्यात स्पष्ट मांडले होते. त्याच वर्षअखेर सरकारने त्यांना पुन्हा कामावर बोलावले. पण परळची प्रयोगशाळा तोवर दुसऱ्यांच्या हाती गेली होती. हाफकिन कलकत्त्याला रुजू झाले. माणसांवर नव्या लसींच्या चाचण्या करायची मोकळीक त्यांना मिळाली नाही. काही वर्षे कागदी संशोधन करून १९१४ च्या सुमारास ते निवृत्त झाले आणि युरोपात परतले.

याची किंमत एकट्या हाफकिन यांनी मोजली असे नाही. मलकोवालच्या बातमीने पंजाबातली लसीकरणाची मोहीम कोसळली. सुईचे भय गावोगाव पसरले. आणि त्यानंतरचीच, १९०७ पर्यंतची वर्षे पंजाबात प्लेगची सर्वांत भयंकर वर्षे ठरली. देशभरात या साथीने पुढच्या दोन दशकांत एक कोटीहून अधिक माणसे नेली. दोष नेमका कुठे आहे हे १९०२ च्या नोव्हेंबरातच शोधून लोकांना सांगितले असते, तर चिमटा ज्योतीत धरण्याचा नियम पुन्हा लागू करून मोहीम चालू ठेवता आली असती. चुकीच्या ठिकाणी दोष शोधला की खरा दोष जागच्या जागी राहतो आणि चांगली वस्तू मात्र बदनाम होते.

आज वैद्यकीय साहित्य बनवणाऱ्या कारखान्यांत या शोधाला पद्धतशीर रूप आले आहे. समजा, सलाईनच्या नळीचा सांधा गळतो अशी रुग्णालयाकडून तक्रार आली. पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते: रात्रपाळीच्या मुलींनी सांधा नीट दाबला नाही, त्यांना समज द्या. पद्धतशीर शोध घेणारा तिथे थांबत नाही. तो आधी दोन रकाने आखतो. दोष कुठे आहे आणि कुठे नाही. कोणत्या बॅचमध्ये आहे, कोणत्या नाही; कोणत्या पाळीत, कोणत्या साच्यातून निघालेल्या भागांत, चिकटवण्याच्या द्रावणाच्या कोणत्या डब्यात, पावसाळी दमट हवेच्या दिवशी की कोरड्या. मग कारणांच्या फांद्या काढतो. जपानी तज्ज्ञ काओरु इशिकावा यांच्या नावाने ओळखली जाणारी माशाच्या काट्याची आकृती त्यासाठीच असते. एका काट्यावर माणूस, दुसऱ्यावर यंत्र, मग कच्चा माल, पद्धत, मोजमाप आणि परिसर. प्रत्येक फांदीला तो विचारतो, हे कारण खरे असेल तर दुसऱ्या रकान्यातला निर्दोष माल निर्दोष का राहिला? गळणारे सगळे सांधे साच्याच्या एकाच खाचेतून आलेले निघाले, तर दोष खाचेचा आहे, मुलींचा नाही. खाच दुरुस्त होते, बॅच पुन्हा तपासली जाते आणि रात्रपाळीवरचा विनाकारण आळ टळतो.

हे दोन रकाने मलकोवालला तयारच होते. दोष होता: ५३-एन, १९ माणसे. दोष नव्हता: चार बाटल्या, ८८ माणसे. ते आखता आले ते बाटलीवर क्रमांक होता म्हणून, आणि कोणाला कोणत्या बाटलीतून टोचले हे सांगता आले म्हणून. बॅच क्रमांक, भरल्याची तारीख, पाळीची नोंद यांचा कंटाळा येतो, ओळ चालू असताना ते लिहिणे म्हणजे वेळ घालवणे वाटते. भारतात २०१८ पासून लागू झालेल्या वैद्यकीय उपकरण नियमांत गुणवत्तेची पद्धत आणि नोंदी उत्पादकाला बंधनकारक आहेत. परवान्यापुरते त्यांच्याकडे पाहणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवावे की हाफकिन यांची सुटका शेवटी नोंदींनीच केली.

दुसरी गोष्ट बदलांची. १९०२ मध्ये बदल दोन झाले होते. परळमधला बदल सर्वांना दिसला, कारण तो करणारा माणूस मोठा आणि परका होता. बाटली उघडण्याच्या रीतीतला बदल किरकोळ वाटला, म्हणून त्याची झडती कोणी घेतली नाही. कारखान्यातही असेच होते. नवे यंत्र आले की सगळे डोळे त्याच्याकडे. पण पुसायचे कापड बदलले, हातमोज्यांचा पुरवठादार बदलला, टेबल खिडकीजवळ सरकवले, याची नोंद राहत नाही. म्हणून चांगल्या कारखान्यात लहान बदलही लेखी होतो, आणि तो करण्यापूर्वी पुढच्या पायरीवरच्या माणसाला विचारले जाते.

तिसरी गोष्ट सर्वांत टिकाऊ. चिमटा खाली पाडणाऱ्या मदतनिसाला शिक्षा करून पुढच्या मदतनिसाचा चिमटा पडायचा थांबत नाही. आज लसीच्या कुपीचे बूच उपटावेच लागत नाही. ते रबराचे असते, सुई त्यातून आरपार जाते आणि बाहेर येताच रबर मिटते. एकदा वापरली की निकामी होणारी सिरिंजही त्याच विचारातून आली. माणसाला सावध राहा म्हणून बजावण्यापेक्षा चूक करायला जागाच उरणार नाही अशी वस्तू घडवणे, हे पद्धतशीर शोधाचे शेवटचे आणि सर्वांत उपयोगी फळ. ते बहुतेक वेळा जुळणीच्या टेबलावर बसणाऱ्यालाच आधी सुचते, कारण चिमटा कुठे आणि का निसटतो हे त्याच्या हाताला ठाऊक असते. म्हणून शोधाच्या बैठकीत त्याला बोलावणे हा उपकार नव्हे, ती गरज आहे.

हाफकिन यांनी उतारवयात आपल्या धर्माच्या अभ्यासाला वाहून घेतले आणि साठवलेला पैसा पूर्व युरोपातील ज्यू धर्मशाळांच्या शिक्षणासाठी ठेवला. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले. त्याच्या पाच वर्षे आधी, १९२५ मध्ये, परळच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव देण्यात आले होते, आणि ती बातमी त्यांना हयातीत कळली. मलकोवालच्या त्या १९ जणांची नावे मात्र कोणत्याही फाटकावर नाहीत. बोईसरच्या एखाद्या कारखान्यात पाळी संपताना बॅचच्या कागदावर जो क्रमांक लिहिला जातो, तो लिहिण्याचे कारण ती माणसे आहेत.